परदेशातील आपत्तीनंतर पुण्यातून मदत : काय, केव्हा आणि कोणाच्या हाती

12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले, त्याच दिवशी खडकवासल्याचे धरणही गेले आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांमध्ये शिरले. ही हकिगत पुण्यातल्या जुन्या घरांत अजून सांगितली जाते. आमच्या घरी ती आजी सांगत असे आणि तिच्या सांगण्यात पाण्याच्या उंचीपेक्षा एका पातेल्याला अधिक जागा असे. पुरानंतर तिसऱ्या दिवशी कोणा भल्या माणसाने तिच्या ओट्यावर तांदळाचे पोते आणून ठेवले. घरात चूल उरली नव्हती, कोरडे सरपण नव्हते, काडेपेटी नव्हती आणि भात शिजवायला भांडेही नव्हते, कारण सगळी भांडी पाण्याबरोबर गेली होती. तांदूळ ओल धरून आंबला. दोन दिवसांनी ओळखीच्या एक बाई आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी “काय काय गेलं? आत्ता काय हवंय?” एवढेच विचारले आणि संध्याकाळी एक पातेले, झाकणी आणि रॉकेलचा स्टोव्ह घेऊन त्या परत आल्या. आजीला त्या बाईंचे नाव शेवटपर्यंत आठवत होते.

दूरच्या एखाद्या देशात भूकंप किंवा चक्रीवादळ झाल्याची बातमी आली, की पुण्यातल्या सोसायट्या, गणेश मंडळे, महाविद्यालये आणि कचेऱ्यांमध्ये मदतीची लगबग सुरू होते. त्यामागची कळकळ खरी असते, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. तिचे त्या तांदळाच्या पोत्यासारखे होऊ नये, म्हणून कोणत्या दिवशी काय करावे, हे या लेखात क्रमाने मांडले आहे. त्यातला बराचसा भाग 2015 च्या नेपाळ भूकंपानंतर आमच्या कोथरूडमधील सोसायटीने केलेल्या कामातून आणि त्यात झालेल्या चुकांमधून आला आहे.

पहिले दोन दिवस : माहिती गोळा करावी, सामान नव्हे

पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत पुण्यात बसून कोणाचाही जीव वाचवता येत नाही, हे सत्य स्वीकारणे जड जाते, पण पुढचे सगळे नियोजन त्यावरच उभे राहते. ढिगाऱ्याखालून जिवंत निघणाऱ्या माणसांपैकी बहुतेकांना पहिल्या काही तासांत शेजारीपाजारी आणि नातेवाईकच बाहेर काढतात. 30 जुलै 2014 रोजी आपल्याच जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला, तेव्हा गाव जागेवर नाही ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली ती नेहमीच्या फेरीवर निघालेल्या एसटीच्या चालकाच्या. त्यानंतर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या आल्या. या दलाची पाचवी बटालियन पुणे जिल्ह्यातच आहे, तरीही पहिले हात स्थानिकांचेच होते. मग समुद्रापलीकडच्या देशाची गोष्ट तर दूरच.

आंतरराष्ट्रीय मदतीची एक शिस्त ठरलेली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर 1991 मध्ये केलेल्या 46/182 क्रमांकाच्या ठरावानुसार मदत ही आपत्तीग्रस्त देशाच्या संमतीने आणि तत्त्वतः त्याच्या विनंतीवरून दिली जाते, आणि मदतीची आखणी व समन्वय यांत त्या देशाच्या सरकारची भूमिका प्रमुख राहते. 6 फेब्रुवारी 2023 रोजी तुर्कस्तान आणि सीरियात भूकंप झाला, तेव्हा तुर्कस्तानने आंतरराष्ट्रीय मदतीची हाक दिली आणि त्यानंतर भारताने ‘ऑपरेशन दोस्त’ या नावाने बचावपथके, श्वानपथक आणि लष्कराचे फील्ड हॉस्पिटल तिकडे पाठवले. मार्च 2025 मध्ये म्यानमारच्या भूकंपानंतर ‘ऑपरेशन ब्रह्मा’ राबवले गेले. प्रशिक्षित आणि स्वतःच्या अन्नपाण्याची, तंबूची, इंधनाची सोय बरोबर नेणारी पथकेच अशा ठिकाणी उपयोगाची असतात. सह्याद्रीतल्या गडकोटांवर वर्षानुवर्षे फिरणाऱ्या तरुणांना आपण जावे असे वाटते, आणि त्यांची हिंमत मी जाणते. तरीही कोणत्याही मान्यताप्राप्त पथकात नसलेल्या माणसाने स्वतःहून तिकडे जाऊ नये. तिथे पोचलेला प्रत्येक पाहुणा आधीच अपुऱ्या असलेल्या पाण्यातले पाणी पितो. मदतकार्यात सर्वत्र मानल्या जाणाऱ्या ‘स्फिअर’ मानकांनुसार पिणे, स्वयंपाक आणि स्वच्छता मिळून माणशी दररोज किमान 15 लिटर पाणी लागते आणि छावण्यांमध्ये सुरुवातीचे अनेक दिवस तेवढेही मिळत नाही.

तेव्हा या दोन दिवसांत एका माणसाकडे वही सोपवावी. त्याने त्या देशाच्या सरकारने काय मागितले आहे, भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने काय जाहीर केले आहे, त्या देशाच्या दिल्लीतील दूतावासाने किंवा मुंबईतील वाणिज्य दूतावासाने गरजेच्या वस्तूंची यादी प्रसिद्ध केली आहे का, आणि संयुक्त राष्ट्रांच्या ‘रिलीफवेब’ या संकेतस्थळावर काय नोंदी येत आहेत, एवढे रोज सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवावे. व्हॉट्सअॅपवरून फिरणारे संदेश या वहीत घेऊ नयेत. मृतदेहांमुळे साथ पसरते, हा असाच दर आपत्तीत परत येणारा समज आहे. भूकंपात किंवा पुरात मरण पावलेल्यांच्या देहांमुळे साधारणपणे साथी पसरत नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटना अनेक वर्षे सांगत आली आहे. पण या भीतीपोटी ओळख न पटवताच घाईने सामुदायिक दफन केले जाते आणि हजारो कुटुंबांना आपल्या माणसाचे काय झाले हे कधीच कळत नाही.

त्या देशाचे माणूस पुण्यातच असते

मदतीची पहिली खरी पायरी मात्र विमानतळावर किंवा बँकेत नसते. ती बहुधा आपल्या जिन्याखाली असते. पुण्यात नेपाळचे पहारेकरी आणि उपाहारगृहांतले आचारी आहेत. विद्यापीठात आणि महाविद्यालयांत आशिया-आफ्रिकेतल्या कितीतरी देशांचे विद्यार्थी शिकतात. ज्या देशाची बातमी आपण दूरदर्शन संचावर पाहत असतो, त्या देशातले कोणीतरी त्याच क्षणी पुण्यातल्या एखाद्या खोलीत लागत नसलेला फोन पुन्हा पुन्हा लावत असते.

25 एप्रिल 2015 हा शनिवार होता. दुपारी बाराच्या आत नेपाळ हादरले, पुढे मृतांचा आकडा सुमारे 9000 वर गेला आणि सर्वांत जास्त माणसे सिंधुपालचोक जिल्ह्यात गेली. आमच्या सोसायटीचे पहारेकरी त्याच जिल्ह्यातले. त्या दुपारी ते फाटकापाशी नेहमीसारखेच उभे होते, येणाऱ्या गाड्यांची नोंद करत होते, आणि डाव्या हातातल्या फोनचे बटण मात्र सतत दाबत होते. वरच्या मजल्यावरच्या एक काकू खाली भाजी घ्यायला आल्या, त्यांनी ते पाहिले आणि खुर्ची ओढून त्यांना बसवले. “भैया, घरचं कोण कोण आहे तिकडे?” या त्यांच्या प्रश्नानंतरच आम्हा बाकीच्यांना कळले, की त्यांची आई, पत्नी, दोन मुले आणि धाकटा भाऊ गावी आहेत. तोवर आमच्या गटात मेणबत्त्या लावण्याची वेळ ठरत होती.

अशा माणसाजवळ काय बोलावे, हा प्रश्न अनेकांना पडतो आणि त्या संकोचापायी कोणी जवळच जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये मानसिक प्रथमोपचाराविषयी जी मार्गदर्शिका काढली, तिचा गाभा तीन क्रियांत सांगितला आहे : पाहणे, ऐकणे आणि जोडून देणे. माणूस सुरक्षित आहे का, त्याने काही खाल्ले आहे का, हे आधी पाहावे. त्याला बोलायचे असेल तर ऐकावे, नसेल तर नुसते शेजारी बसावे, आणि किती मेले, घर पडले का, असे खोदून विचारू नये. “सगळं ठीक होईल” हे आपल्या हातात नसलेले आश्वासन देऊ नये आणि “देवाची मर्जी” असेही म्हणू नये. त्यानंतर त्याला ज्याची गरज आहे त्याच्याशी जोडून द्यावे. इथे कामे अगदी छोटी आणि ठोस असतात. फोनला परदेशी संभाषणाचा रिचार्ज मारून द्यावा. त्याच जिल्ह्यातली दुसरी माणसे पुण्यात कुठे आहेत ते शोधून त्यांची गाठ घालून द्यावी, कारण एकाचा फोन लागला की दहा घरांची खबर मिळते. बरेच दिवस संपर्क होत नसेल, तर हरवलेल्या नातेवाइकांचा शोध घेण्यासाठी रेडक्रॉसची जी जगभरची व्यवस्था आहे, तिच्याकडे भारतीय रेडक्रॉसमार्फत विनंती नोंदवता येते. अर्ज भरायला मात्र कोणीतरी सोबत बसावे लागते.

मग रजा आणि पगार. ज्यांच्या हाताखाली अशी माणसे काम करतात त्यांनी त्याच दिवशी स्पष्ट शब्दांत सांगावे, की जायचे असेल तर जा, परत आल्यावर नोकरी आहे आणि या दिवसांचा पगार कापला जाणार नाही. आपल्याकडे अडचणीत उचल देण्याची पद्धत आहे आणि ती चांगली आहे, परंतु अशा प्रसंगी दिलेली रक्कम पुढच्या पगारातून वळती करून घेऊ नये. आमच्या पहारेकऱ्यांना तिसऱ्या दिवशी भावाचा फोन लागला. आई गेली होती, बाकीचे शेतात उघड्यावर होते. पुणे–गोरखपूर गाडीचे तिकीट, तिथून सोनौलीच्या सीमेपर्यंतचे बसभाडे, वाटखर्च आणि घरी द्यायची थोडी रोख रक्कम एवढी तयारी सोसायटीतल्या सात घरांनी मिळून एका संध्याकाळी केली. माझ्या मते त्या संपूर्ण वर्षात आमच्याकडून झालेली ही सर्वांत नेमकी मदत होती.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत परीक्षा, वसतिगृहाचे शुल्क आणि व्हिसाची मुदत हे तीन प्रश्न ताबडतोब उभे राहतात. घरून पैसे येणे थांबलेले असते. प्राध्यापकांनी आणि घरमालकांनी शुल्काची व भाड्याची मुदत लेखी वाढवून दिली, तर त्या मुलांच्या मनावरचे मोठे ओझे उतरते.

वस्तू पाठवण्याआधी करायचा हिशेब

आता चुकीकडे येते. भूकंपाच्या पहिल्याच आठवड्यात आमच्या सोसायटीने ब्लँकेटे, स्वेटर आणि जुने कपडे गोळा केले. तळमजल्यावरच्या वाहनतळात चाळीसएक खोकी रचली गेली. ती काठमांडूला पोचवणार कशी, हा प्रश्न खोकी चिकटपट्टीने बंद केल्यावर विचारला गेला. त्या वेळी नेपाळमध्ये आंतरराष्ट्रीय विमानतळ एकच होता, त्यावर धावपट्टी एकच होती आणि मदतीच्या विमानांच्या वर्दळीने ती इतकी खराब झाली, की मे महिन्याच्या सुरुवातीला जड विमानांना उतरण्याची मनाई करावी लागली. आमची खोकी पुण्याबाहेर गेलीच नाहीत.

कोणतीही वस्तू परदेशी पाठवण्याचा विचार असेल, तर आधी कागद-पेन घेऊन एक साधा गुणाकार करावा. विमानाने जाणाऱ्या मालाचे भाडे केवळ वजनावर लागत नाही. माल हलका पण फुगीर असेल तर आकारमानावर लागते आणि साधारणपणे 6000 घन सेंटिमीटर म्हणजे एक किलो असे धरले जाते. 60 सेंटिमीटर लांब, 40 रुंद आणि 40 उंच अशा खोक्याचे आकारमान 96,000 घन सेंटिमीटर होते, म्हणजे आत सहा किलोची ब्लँकेटे असली तरी भाडे सोळा किलोंचे पडते. त्यावर सीमाशुल्काची कागदपत्रे, तिकडच्या विमानतळावरून गावापर्यंतचा ट्रक आणि उतरवून घेणारी माणसे हा खर्च वेगळा. एवढ्या पैशात त्याच देशातल्या किंवा शेजारच्या देशातल्या बाजारात अधिक ब्लँकेटे विकत घेता येतात आणि तिकडच्या दुकानदाराचे दुकानही उभे राहते. म्हणूनच अनुभवी संस्था बाजार चालू असेल तिथे थेट रोख रक्कम देणे पसंत करतात.

जुन्या कपड्यांविषयी जरा कठोरपणे लिहिते. 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. ज्याचे सर्वस्व गेले आहे त्याच्यापुढे आपण टाकून दिलेला, बटणे तुटलेला सदरा ठेवणे हे दान नव्हे. नवे आणि मागितलेले असेल तरच द्यावे.

औषधांच्या बाबतीत चूक अधिक महाग पडते. डिसेंबर 1988 मध्ये आर्मेनियात भूकंप झाला, तेव्हा जगभरातून सुमारे 5000 टन औषधे आणि वैद्यकीय साहित्य आले, परंतु त्यांतला जेमतेम 30 टक्के माल सहज वापरण्याजोगा निघाला. बाकीच्या मालातला काही मुदत संपलेला होता, काहींवरची अक्षरे तिथल्या डॉक्टरांना वाचता येत नव्हती, आणि तो सगळा निवडण्यात त्यांचे अमूल्य दिवस गेले. या अनुभवांनंतर जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानाचे नियम घालून दिले : मागणीशिवाय औषध पाठवू नये, पोचतेवेळी किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी, लेबल तिकडच्या वैद्यांना समजणाऱ्या भाषेत असावे आणि रुग्णांनी परत केलेली किंवा नमुन्याची औषधे देऊ नयेत. म्हणजे घरोघरच्या डब्यातल्या उरलेल्या गोळ्या गोळा करण्याचा उपक्रम कितीही चांगल्या मनाने काढला असला, तरी तो थांबवावा. डबाबंद दुधाची भुकटी तर तान्ह्या मुलांसाठी घातक ठरू शकते, कारण ती कालवायला लागणारे शुद्ध पाणी आणि उकळलेली बाटली आपत्तीच्या जागी नसते. मे 2006 मध्ये इंडोनेशियातल्या योग्यकर्ता भागात भूकंप झाल्यावर दानात आलेली अशी भुकटी ज्या बाळांना मिळाली, त्यांच्यात जुलाबाचे प्रमाण इतर बाळांच्या दुपटीहून अधिक आढळले. बाळाला पाजणाऱ्या आईला पोटभर अन्न, पाणी आणि आडोसा मिळवून देणे हीच तिथली योग्य मदत आहे.

पैसे कोणत्या वाटेने जातात

इथे कायदा नीट समजून घेतला पाहिजे, कारण याच ठिकाणी चांगली मंडळे अडचणीत येतात. सर्वप्रथम, वर्गणी कोणाच्या नावाने गोळा होणार हे ठरवावे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 41 क नुसार, नोंदणीकृत विश्वस्त संस्था नसलेल्यांना लोकांकडून धर्मादाय कारणासाठी वर्गणी गोळा करताना धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. गणेशोत्सवासाठी मंडळे जी परवानगी काढतात ती हीच. उत्सवासाठी काढलेली परवानगी भूकंपाच्या मदतीला चालेल असे गृहीत धरू नये. आपली मंडळी मोजकी असतील, तर वर्गणी गोळा न करता प्रत्येकाने निवडलेल्या संस्थेला आपापल्या खात्यातून परस्पर रक्कम पाठवणे, हा सर्वांत सोपा आणि निर्धोक मार्ग आहे. सोसायटीच्या सिंकिंग फंडाला, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्त्यांसाठी राखलेल्या निधीला, मात्र हात लावू नये.

दुसरी अडचण अधिक जणांना माहीत नसते. भारतातल्या धर्मादाय संस्थेने आपले उत्पन्न भारताबाहेर खर्च केले, तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या खास मंजुरीशिवाय त्या खर्चाला आयकरातली सूट मिळत नाही. त्यामुळे पुण्यातली एखादी ओळखीची संस्था “आम्ही तिकडे पैसे पाठवतो” असे म्हणाली, तरी ते कोणत्या परवानगीने, हे विचारण्यात अविश्वास नाही. ज्या आंतरराष्ट्रीय संस्थांचे भारतात कार्यालय आहे त्यांना देणगी देतानाही ही रक्कम त्या विशिष्ट आपत्तीसाठी जाणार आहे की भारतातल्या कामासाठी वापरली जाणार आहे, हे पावतीआधी विचारून घ्यावे. विदेशी अंशदान कायदा, म्हणजे ज्याला सगळे एफसीआरए म्हणतात, तो परदेशातून भारतात येणाऱ्या पैशांविषयी आहे. अमेरिकेतल्या आपल्या नातलगांनी सोसायटीच्या उपक्रमासाठी इकडच्या खात्यात पैसे पाठवण्याची तयारी दाखवली, तर त्यांना नम्रपणे थांबवावे आणि तिकडच्याच संस्थेला द्यायला सांगावे.

परदेशातल्या संस्थेला थेट देणगी द्यायची असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात सर्व कारणे मिळून 2,50,000 डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते. ही सोय फक्त व्यक्तींसाठी आहे, न्यास, भागीदारी संस्था किंवा कंपन्या तिचा लाभ घेऊ शकत नाहीत. बँकेच्या शाखेत पॅन आणि ‘ए 2’ नमुन्यातला अर्ज द्यावा लागतो आणि त्यावर रकमेचा उद्देश नोंदवावा लागतो. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरातली, 80 जी म्हणून ओळखली जाणारी वजावट मिळत नाही. भारतातल्या पात्र संस्थेला दिलेल्या देणगीवर ती मिळू शकते, तीही जुन्या करपद्धतीत, आणि 2000 रुपयांहून अधिक रोख दिली असेल तर नाही. वस्तूरूपाने दिलेल्या दानावरही नाही. नेपाळमधल्या कुटुंबाला पैसे पाठवायचे असतील, तर 2008 पासून भारत-नेपाळ प्रेषण सुविधा आहे आणि तिच्याद्वारे आपल्या बँकेतून रुपयांतच रक्कम पाठवता येते. पहारेकऱ्यांच्या भावापर्यंत आम्ही याच वाटेने पोचलो.

संस्था निवडताना मी पुढील गोष्ट सर्वांत आधी पाहते : ती संस्था आपत्तीच्या आधीपासून त्या देशात काम करत होती का? जी आधीपासून आहे तिला रस्ते, भाषा आणि गावचे लोक माहीत असतात. शक्य असेल तर देणगीवर अट घालू नये. 2004 च्या त्सुनामीनंतर ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेने आठवडाभरातच जाहीर केले, की त्सुनामीसाठी आमच्या नियोजनाला पुरेसे पैसे आले आहेत, यापुढे त्या नावाने देऊ नका, इतर विसरलेल्या संकटांसाठी द्या. अशी संस्था मला विश्वासाची वाटते.

फसवणुकीविषयी थोडक्यात. तुर्कस्तानच्या भूकंपानंतर लहान मुलाला कुशीत घेतलेल्या अग्निशमन जवानाचे एक हृदयद्रावक चित्र देणग्या उकळण्यासाठी फिरवले गेले. ते संगणकाने बनवलेले होते, आणि नीट पाहिल्यावर त्या जवानाच्या हाताला सहा बोटे दिसत होती. 2020 मध्ये पीएम केअर्सच्या खऱ्या यूपीआय पत्त्यात एका अक्षराचा फरक करून बनावट पत्ते तयार केले गेले होते. म्हणून फिरत आलेल्या क्यूआर कोडवर कधीही पैसे भरू नयेत, संस्थेच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करावा. फसवणूक झालीच, तर 1930 या क्रमांकावर लगेच तक्रार करावी, कारण पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

वर्गणी गोळा केलीच असेल, तर हिशेब सूचनाफलकावर लावावा : किती घरांनी मिळून किती दिले, कोणाला, कोणत्या तारखेला, पावती क्रमांक काय. कोणी किती दिले याची यादी लावू नये. पाचशे रुपये देणाऱ्या घरकामाच्या ताईंना पाच हजारांच्या ओळीखाली आपले नाव वाचायला लागणे योग्य नाही.

मुले आणि छायाचित्रे

आपत्तीनंतर “एखादे अनाथ मूल दत्तक घेता येईल का?” असे विचारणारे फोन हमखास येतात. विचारणाऱ्याचे मन मोठे असते, पण उत्तर नाही हेच आहे. त्या मुलाचे आईवडील रुग्णालयात असतील, काका-मावशी शोधत असतील. 2010 मध्ये हैतीच्या भूकंपानंतर परदेशी धर्मसेवकांचा एक गट 33 मुलांना देशाबाहेर नेताना पकडला गेला आणि पुढे त्यांतल्या बहुतेक मुलांचे आईवडील हयात असल्याचे उघड झाले. किल्लारीचे उदाहरण याच्या उलट आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने त्या भागातल्या सुमारे 1200 मुलांना पुण्यात आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. मुले आपल्याच राज्यात, आपल्याच भाषेत राहिली.

छायाचित्रांचेही तसेच आहे. रेडक्रॉस चळवळ आणि स्वयंसेवी संस्थांनी 1994 मध्ये स्वीकारलेल्या आचारसंहितेत, आपत्तीग्रस्तांना दयेचे विषय न मानता प्रतिष्ठा असलेली माणसे मानावे, असे स्पष्ट कलम आहे. आवाहनाच्या पत्रकावर रडणाऱ्या मुलाचा चेहरा छापण्याआधी, आपल्या मुलाचा चेहरा तसा छापलेला चालेल का, हे घरी बसून विचारून पाहावे.

पंधरवड्यानंतर

वर्तमानपत्रांतून बातमी आतल्या पानावर गेली, की वर्गणी थांबते. खरे तर घरे तेव्हा बांधायची असतात. म्हणून जमलेल्या रकमेचे सुरुवातीलाच तीन भाग करावेत आणि एक भाग वर्षभर राखून ठेवावा, असे मी आग्रहाने सांगते. आम्ही हे केले ते अपघातानेच, कारण खोकी गेली नाहीत म्हणून वाहतुकीसाठी काढलेले पैसे उरले होते.

मेच्या मध्यास पहारेकऱ्यांच्या भावाचा फोन आला. आम्ही विचारले, काय हवे आहे? त्याने कपडे मागितले नाहीत, धान्यही मागितले नाही. पाऊस जूनमध्ये येणार होता आणि त्याला ‘जस्तापाता’ हवा होता, म्हणजे आपले पन्हाळी पत्रे. दगडमातीचे घर पडले होते, पण त्यातले लाकूड शाबूत होते. पत्रे मिळाले तर पावसाळ्याआधी निवारा उभा राहणार होता. पत्रे तिकडच्याच तालुक्याच्या बाजारातून विकत घेतले गेले, ट्रक जिथवर जातो तिथवर ट्रकने गेले आणि पुढे तीन तासांची चढण भावाने व शेजाऱ्यांनी ते पाठीवर बांधून नेले. पानशेतच्या पुरानंतर पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर भागात अर्धगोलाकार पत्र्याच्या निसेन हट उभ्या राहिल्या होत्या, हे पुणेकरांना ठाऊक आहे. पत्र्याखाली उन्हाळ्यात भाजून निघते आणि पावसात एकमेकांचे बोलणे ऐकू येत नाही, तरीही डोक्यावर काही असणे म्हणजे काय, हे त्या वस्तीतल्या जुन्या माणसांना विचारावे.

पुनर्बांधणीचे काम त्यानंतर किती संथ चालले, हे सांगितले पाहिजे. जून 2015 मध्ये काठमांडूच्या परिषदेत निरनिराळ्या देशांनी आणि संस्थांनी मिळून 4.4 अब्ज डॉलरची आश्वासने दिली, पण पुनर्बांधणीचे प्राधिकरण प्रत्यक्ष कामाला लागायला डिसेंबर उजाडला. घरासाठीचे अनुदान पुढे तीन लाख नेपाळी रुपये झाले आणि ते तीन हप्त्यांत मिळणार होते : पहिला 50,000 चा, दुसरा दीड लाखाचा आणि तिसरा एक लाखाचा. दुसरा हप्ता हवा असेल तर भूकंपरोधक नियमांप्रमाणे घर जोत्यापर्यंत बांधून त्याची तपासणी व्हावी लागे. नेपाळी 50,000 म्हणजे आपले सुमारे 31,000 रुपये. डोंगरात दगड फोडून, सिमेंट पाठीवरून आणून, त्यात जोते पुरे होत नव्हते, आणि जोते पुरे होईपर्यंत पुढचा पैसा सुटत नव्हता. कितीतरी कुटुंबे इथेच अडकून सावकाराकडे गेली.

भूकंपाला दोन वर्षे व्हायला आली असताना पहारेकऱ्यांनी, पुष्कळ संकोच करून, ही अडचण काकूंना सांगितली. राखून ठेवलेली रक्कम तेव्हा बाहेर काढली. ती किती आहे हे आम्ही सांगण्याआधी त्यांनी सिमेंटच्या पोत्यांची, सळईची आणि गवंड्याच्या मजुरीची यादी हिंदीत लिहून आणली होती. शेवटच्या ओळीत त्यांनी एक दार लिहिले होते आणि कंसात ‘जुनेच वापरू’ असे लिहून ते खोडले होते. दार धरून पैसे पाठवले. पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्या हप्त्यासाठी तपासणी झाली, तेव्हा भावाने जोत्यावर उभे राहून फोन केला.